सोबतीला

डॉ. शशिधर मोघे भूलतज्ज्ञ होते. पेशंटचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याला झोपवायचं, हा त्यांचा साउथहॅम्प्टनच्या इस्पितळातला तीस वर्षांचा उद्योग. त्या उद्योगाची सवय घरीही उतरली होती असं म्हटलं तर त्यांना राग येईल, पण उतरली होती खरी. समोरच्यानं वाक्य सुरू केलं की त्याचा शेवट यांना आधीच दिसायचा, आणि दिसला की बोलून टाकल्याशिवाय राहवायचं नाही. बहुतेक वेळा तो बरोबरही निघायचा, हीच तर पंचाईत. चार-दोनदा सपशेल चुकले असते तर सवय कधीच मोडली असती.

त्यांच्या बायकोनं, सुप्रभानं, लग्नानंतर सुरुवातीला आपली वाक्यं आपणच पुरी करायचा प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. अर्धं ती बोलायची, उरलेलं ते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायकांना याचं भारी कौतुक वाटायचं. काय ट्यूनिंग आहे दोघांचं, असं त्या म्हणायच्या, आणि सुप्रभा हसून प्रसादाच्या वाट्या भरायला लागायची.

मग सुप्रभा आजारी पडली. रेडिओ बंद असताना तिला बातम्या ऐकू यायला लागल्या आणि सगळ्या बातम्या तिच्याच अपराधांच्या. शशिधररावांनी थायरॉइड तपासला, बी-ट्वेल्व्ह तपासलं, डोक्याचा स्कॅन करवला. डॉक्टर माणूस, आपल्या घरात हा आजार येऊ शकतो एवढं एक सोडून त्यांनी सगळं तपासलं. एका फेब्रुवारीत सकाळी ती घरातून निघून गेली आणि पोलिसांना इचेन नदीच्या उंच पुलावर सापडली. पायात सपाता, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन, दोन्ही हातांनी कठडा धरलेला. त्या दिवसापासून शशिधररावांनी त्या पुलावरून गाडी नेली नव्हती. नदीपलीकडे जायचंच झालं तर ते वरून नॉर्थॅमकडून वळसा घालून जात.

पुढे वॉर्ड, मग घर, मग पुन्हा वॉर्ड. मंडळात त्यांनी सांगून टाकलं की सुप्रभा इंडियाला गेलीय, तिच्या आईचं बरं नाही. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

दुसऱ्या खेपेला वॉर्डात असताना एका संध्याकाळी ती म्हणाली, "इथे एक ज्यू बाई आहेत. त्या माझ्याशी मराठीत बोलतात." तिला थोपटून शशिधरराव तडक ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे गेले आणि आवाज अजून गेलेले नाहीत, आता तर ते मराठीत बोलायला लागलेत, असं त्याच्या कानावर घातलं. गोळ्या वाढल्या. सुप्रभानं त्या बाईचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि शशिधररावांना वाटलं, चला, गुण आला.

आजारानं तिची आणखी एक गोष्ट नेली. वीस वर्षं प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून गोऱ्या पोरांना इंग्रजी वाचायला शिकवलेली ही बाई घरी आली ती मराठीच बोलायला लागली, तेही मोजकं. इंग्रजी समजायचं सगळं. तोंडातून मात्र यायचं नाही.

अशा वेळी एलियट त्यांच्याकडे आला. पन्नाशीचा, दाढी पांढरी होऊ लागलेला, सायकलवरून येणारा हा गृहस्थ मानसिक आरोग्य सेवेत काम करायचा. पर्सनल बजेट नावाची एक सोय आहे, त्यानं सांगितलं. जबर आजारातून उठणाऱ्या माणसासाठी काही रक्कम बाजूला काढतात, आणि ती कशावर खर्च करायची हे त्या माणसानं ठरवायचं. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनीही नाही. कुणी त्यातून पोहायला जातं, कुणी सुतारकाम शिकतं. याच्यानं मला बरं राहायला मदत होईल, एवढं ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं म्हणजे झालं. तीन महिन्यांनी रिव्ह्यू. उपयोग होत नसेल तर बदलायचं, नाहीतर बंद.

एलियटनं दुभाषी आणायची तयारी दाखवली होती. शशिधररावांनी ती मोडीत काढली. इथे मराठी दुभाषी म्हणजे कुणाची तरी वहिनी असणार आणि दुसऱ्या दिवशी पार ब्रॅकनेलच्या मराठी घरांपर्यंत बोभाटा. ते म्हणाले, मी आहे ना.

मग एलियटनं सुप्रभाला विचारलं, तुझा आठवडा थोडा बरा कशानं जाईल? ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. बागेत काही नव्हतं, एक ओला कपड्यांचा स्टँड तेवढा होता. मग तिनं श्वास घेतला.

"मला सोबतीला..." ती म्हणाली, आणि शब्द जुळवायला थांबली.

"कुणीतरी हवंय," शशिधरराव म्हणाले, आणि लगेच एलियटकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलंही की मी कामावर असतो तेव्हा हिला एकटं राहवत नाही, हिच्यावर लक्ष ठेवायला घरात कुणीतरी हवं, ट्रेन्ड असेल तर उत्तम.

सुप्रभानं त्यांच्याकडे पाहिलं. असंच ना, असं एलियटनं तिला पुन्हा विचारलं. तीस वर्षांची सवय. मान आपोआप हलली.

खरं सांगायचं तर शशिधररावांना ते वाक्य लागलं होतं. आपण जिवंत असताना हिला सोबत विकत आणायची? पण त्याहून जास्त त्यांना हायसं वाटलं होतं. आता ऑपरेशन थिएटरमध्ये उभं असताना डोळ्यांसमोर तो पूल यायचा नाही. घरात कुणीतरी असेल, दारावर कुणाची तरी नजर असेल. माणूस आपल्या भीतीला किती पटकन दुसऱ्याची गरज म्हणतो, आणि ते त्याला कळतही नाही.

एका एजन्सीकडून बायका यायला लागल्या. बायका वाईट नव्हत्या. पण दर वेळी नवी, आणि प्रत्येक नवी बाई सुप्रभाशी ती बहिरी असल्यासारखी मोठ्यानं बोलायची. तासातासाला फायलीत लिहायची. सुप्रभा बाथरूमला गेली की जरा वेळानं दारावर टकटक आणि "ऑल राइट, लव्ह?" सुप्रभानं चहासाठी किटली उचलली की हातातून काढून घ्यायची, तुम्ही बसा, मी करते. आल्यागेल्याला चहा न देता सुप्रभा आयुष्यात कधी बसली नव्हती. आता आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी बसून ती परक्या बाईच्या हातचा पांचट चहा प्यायची, आणि थँक्यू तोंडातून येत नाही म्हणून ओशाळं हसायची.

महिनाभरात ती हसेनाशी झाली. दुसऱ्या महिन्यात दुपारनंतर खाली येईनाशी झाली. बातम्या पुन्हा सुरू झाल्या का, असं शशिधररावांनी विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. असंच चाललं तर पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागेल, असं तिच्या मनोविकारतज्ज्ञानं फोनवर हळूच सुचवून ठेवलं. शशिधररावांनी एजन्सीचे तास वाढवून घेतले.

रिव्ह्यूच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, थिएटरमध्ये त्यांना फोन आल्याचा निरोप मिळाला. फोनवर एजन्सीची बाई रडत होती. मी वर कपडे ठेवायला गेले, खाली आले तर दार उघडं, आणि तुमची मिसेस नाहीत.

शशिधररावांनी पेशंट सहकाऱ्याच्या हवाली केला. गाडीची किल्ली त्यांच्या हातून दोनदा खाली पडली. पोलिसांना फोन करून ते थेट पुलाकडे निघाले. ज्या रस्त्याला त्यांनी दोन वर्षं टाळलं होतं तोच रस्ता आता संपता संपेना. पुलाअलीकडे गाडी कशीतरी लावून ते फूटपाथवरून धावत सुटले. वारा असा की डोळे उघडे ठेवणं कठीण. खाली नदी शिशाच्या रंगाची, गोदीकडे एक पांढरं क्रूझ जहाज. कठड्याशी कुणी नव्हतं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत मध्यावर आले, आणि मग कठड्यावरून वाकून खाली बघायचं धैर्य त्यांना होईना.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मोघे डॉक्टर का?" म्हाताऱ्या बाईचा आवाज, आणि मराठी त्यांनी लहानपणी ऐकलेली तशी. "मी ईवा तळकर बोलते, वूल्स्टनवरून. तुमची मंडळी माझ्याकडं आहे. चहा झालाय तिचा. घाबरू नका, अन् सावकाश या, आमचा जिना अंधारा आहे."

शशिधरराव तिथेच, पुलाच्या मधोमध, फूटपाथवर खाली बसले. जिवात जीव आला तो एकटा आला नाही. मागोमाग ते वाक्यही आलं: इथे एक ज्यू बाई आहेत. अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे घरात मराठीच बोलणारे ज्यू, त्यांना माहीत नव्हते थोडेच. शाळेत त्यांच्या बाकावर तसा एक मुलगा होता, त्याच्या डब्यातली पोळी त्यांनी खाल्ली होती. पण बायको वेडी झाली म्हटल्यावर ती खरंही बोलत असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं एक साधी बातमी दिली होती, आणि त्यांनी तिच्या गोळ्या वाढवून आणल्या होत्या. फूटपाथवर बसल्याबसल्या त्यांना भडभडून आलं. मग पोलिसांना फोन करून ते उठले.

ईवाबाईंचा फ्लॅट नदीपलीकडे, पहिल्या मजल्यावर होता. बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, अंगात पुरुषी कार्डिगन. मूळच्या भायखळ्याच्या, लग्न होऊन लंडनला आल्या, मुलाजवळ राहायला म्हणून इकडे, आणि मुलगा गेला कॅनडाला. हे सगळं त्यांनी दारातच सांगितलं आणि आत जाऊन टीव्हीवर स्नूकर बघत बसल्या. खिडकीपाशी सुप्रभा एक जुना स्वेटर उसवत होती. लोकरीचा गुंडा बराच मोठा झाला होता. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. शशिधररावांनी आपल्या बायकोचा चेहरा इतका स्वस्थ कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

ते काही विचारणार त्याआधी ईवाबाईच बोलल्या. दुपार कलली की त्यांचा नवरा येतो. मेलेला. मागे उभा राहून शिव्या घालतो, जिवंतपणी घालायचा तशाच. "पण घरात दुसरं माणूस असलं की येत नाही बघा. बोलायला नको, काही करायला नको. नुसतं माणूस." वॉर्डात त्या वेळेला सुप्रभा त्यांच्याशेजारी येऊन बसायची. घरी जाताना ईवाबाईंनी तिला पत्ता दिला होता, आणि मी येईन असं सुप्रभानं कबूल केलं होतं. त्याला चार महिने झाले होते.

"आलीस कशी?" शशिधररावांनी विचारलं.

"बसनं. दोन बस."

"पुलावरून?"

"हो. पूल आला तेव्हा डोळे मिटून घेतले." तिनं लोकरीचं टोक सोडवलं. "हिच्याजवळ बसले की मला बातम्या ऐकू येत नाहीत. मी सोबतीला आलेली असते ना. कामावर असते."

"अगं, मग हे मला सांगायचं नाहीस का?"

सुप्रभानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तो असता तर शशिधररावांना सोपं गेलं असतं.

"सांगत होते," ती म्हणाली.

मला सोबतीला. त्या अर्ध्या वाक्याला दोन शेपट्या असू शकतात हे शशिधररावांना आता दिसलं, आणि त्यांनी भलतीच जोडून दिली होती. तिला कुणी यायला नको होतं. तिला जायचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनंच सांगितलं होतं, कराडला शेजारच्या दिघेबाईंचे यजमान फिरतीवर गेले की हिला त्यांच्याकडे सोबतीला पाठवायचे. दहा वर्षांची पोर, चोर आला असता तर काय करणार होती? पण दिघेबाई निर्धास्त झोपायच्या. आणि सकाळी ही घरी परतायची ती आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं या तोऱ्यात. शशिधरराव तेव्हा खूप हसले होते.

निघताना ते सवयीनं नॉर्थॅमच्या रस्त्याला लागले. सुप्रभा म्हणाली, उगाच वळसा कशाला. मग त्यांनी गाडी पुलावरून नेली. तिनं डोळे मिटले होते, आणि गाडी चालवायची नसती तर त्यांनीही मिटले असते.

रिव्ह्यूच्या दिवशी एलियट त्याच खुर्चीत बसला. एजन्सीची फाइल त्यानं वाचली होती, त्यात निघून गेल्याची नोंद होती, आणि त्याचा चेहरा गंभीर होता. या बजेटचा सुप्रभाला उपयोग होतोय असं दिसत नाही, तो म्हणाला. मला वर तसं कळवावं लागेल. तरी त्यानं पुन्हा पहिलाच प्रश्न विचारला.

"मला सोबतीला..." सुप्रभा म्हणाली, आणि थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता हे बोलतील म्हणून ती वाट बघत होती.

शशिधररावांना वाक्याचा शेवट माहीत होता. या वेळी तर खात्रीनं माहीत होता. त्यांनी जीभ दाताखाली धरली. एलियट काही बोलणार असं वाटलं तेव्हा शशिधररावांनी हातानंच त्याला थांबवलं. सुप्रभाच्या कपाळावर घाम आला होता, तो पुसून द्यावा असं त्यांना वाटलं, तेही त्यांनी केलं नाही.

"जायचंय," सुप्रभा म्हणाली. "ईवाकडे. दर मंगळवारी."

एलियटनं तर्जुम्यासाठी शशिधररावांकडे पाहिलं. त्यांनी शब्द शोधला. देखभाल म्हणावं तर ती नव्हे, समाजसेवा म्हणावं तर ती नव्हे, मैत्रीही नेमकी नव्हे. एवढी वर्षं या भाषेत पोट भरलेल्या माणसाला एक शब्द सापडेना. शेवटी ते म्हणाले की मला हे सांगता येत नाही, आणि मागच्या वेळी मी जे सांगितलं ते चूक होतं. ते तिचं म्हणणं नव्हतंच. तिलाच विचारा.

एलियट सुप्रभाकडे वळला आणि थांबून राहिला.

"शी इज अफ्रेड," सुप्रभा म्हणाली. इंग्रजी शब्द तिच्या तोंडातून एकेक करून आले, बऱ्याच दिवसांनी घालायला काढलेल्या बुटांसारखे अवघडलेले. "आय गो. आय सिट." मग बराच वेळ थांबून, "देन आय अ‍ॅम नॉट अफ्रेड."

एलियटनं पेन खाली ठेवलं. मग तो त्याच्या कामाचं बोलला. सुरुवातीला बसमध्ये तिच्याबरोबर कुणीतरी असावं, अंधार पडल्यावर परतायला टॅक्सी असावी, दोन्ही या बजेटमध्ये बसेल. एजन्सी बंद करता येईल. पण रस्त्यात तो पूल आहे, आणि त्या फेब्रुवारीची नोंद त्याच्याकडे आहे. मला हे वरच्यांपुढे मांडायचंय, तो शशिधररावांना म्हणाला. नवरा म्हणून, डॉक्टर म्हणून, तुम्हाला काय वाटतं?

शशिधररावांनी नुसतं नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. सुप्रभा आपल्या हातांकडे बघत होती.

"मला भीती वाटते," शशिधरराव इंग्रजीत म्हणाले. "रोज वाटते. पण ती माझी आहे. तिच्या प्लॅनमध्ये ती लिहू नका."

पुढल्या मंगळवारी जेवणं झाल्यावर सुप्रभानं कोट घातला. पिशवीत लोकर, सुया आणि ईवाबाईंना आवडतो म्हणून डब्यात दडपे पोहे. फाटकाशी सोबतीची बाई उभी होती, बसपुरतीच. तिला आत येऊन काही लिहायचं नव्हतं. शशिधररावांनी त्या दिवशी रजा काढली होती, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते उगाच सुप्रभाच्या मागे मागे दारापर्यंत आले.

"तू गेलीस ना, की मला..." ते म्हणाले, आणि अडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाक्याचा शेवट दिसत नव्हता.

सुप्रभाला दिसत होता. तिनं तो बोलून टाकला असता तर बसही चुकली नसती. पण ती दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. फाटकाशी ती बाई घड्याळ बघायला लागली तरी ती हलली नाही.

"...भीती वाटते," शशिधरराव शेवटी म्हणाले. "घरात. एकट्याला."

सुप्रभानं मान हलवली. त्यांच्या स्वेटरच्या बाहीला एक धागा सुटला होता, तो तिनं बोटानं आत सारला.

"आज ईवाची पाळी," ती म्हणाली. "उद्या मी तुमच्या सोबतीला."

आणि दार नुसतं लोटून घेऊन ती पुढल्या बसला गेली.